आज्ञावलीच्या चित्रातील मोकळी जागा

ज्यांच्या घरी जुनी वंशावळ जपून ठेवलेली आहे, त्यांनी ती एकदा उलगडून पाहावी अशी माझी विनंती आहे. ग्वाल्हेर, बडोदे, इंदूर, हैदराबाद अशा ठिकाणी पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्या कुटुंबांतून असा एखादा जाड कागदाचा ताव बहुधा असतोच. मूळ पुरुष वरती मध्यभागी ऐसपैस बसलेला असतो. त्याच्याखाली त्याचे तीन मुलगे, समान अंतर राखून, टपोऱ्या अक्षरांत मांडलेले असतात. इथपर्यंत सारे दृष्ट लागण्यासारखे! पण पुढे मधल्या शाखेला सात मुले होतात, डावीकडची शाखा दत्तकावर चालते, उजवीकडचे कोणी दक्षिणेत जाऊन तिकडेच वाढतात. आणि लिहिणाऱ्याची तारांबळ उडू लागते. अक्षर बारीक होते, रेषा वाकतात, एखादे पणजोबा समासात आडवे लिहावे लागतात, आणि त्यांना त्यांच्या वडिलांशी जोडणारी रेषा दोन चुलत्यांच्या नावांमधून अशी काही काढलेली असते की, ते नेमके कोणाचे चिरंजीव याविषयी घरात दोन तट पडावेत. वंशावळीतली माहिती चुकलेली नसते. कमी पडलेली असते ती जागा. आणि जागा कमी पडली म्हणून माहिती चुकीची वाचली जाते.

श्रोते हो, आज मी ज्या विषयावर बोलणार आहे तो दिसायला अगदी नवा आहे, परंतु त्याची अडचण या वंशावळीचीच आहे. संगणकाला आज्ञा द्यावयाच्या त्या सामान्यतः ओळींमागून ओळी लिहून दिल्या जातात. परंतु आज्ञावली लिहिण्याऐवजी काढण्याचीही एक रीत आहे. पडद्यावर लहान लहान ठोकळे मांडावयाचे आणि ते तारांनी जोडावयाचे. एक ठोकळा बेरीज करतो, दुसरा तुलना करतो, तिसरा यंत्राकडून तपमान वाचून आणतो. तारेतून एकाचे उत्तर दुसऱ्याकडे जाते. असे चित्र काढले की तीच आज्ञावली. वेगळे काही लिहावयाचे उरत नाही. या पद्धतीला चित्रमय आज्ञालेखन म्हणता येईल. ही कल्पना आजकालची नव्हे. अमेरिकेतील एम्‌. आय. टी. या संस्थेत आयव्हन सदरलंड यांनी १९६३ साली ‘स्केचपॅड’ नावाची प्रणाली सिद्ध करून पडद्यावर प्रकाशलेखणीने आकृती काढून दाखविल्या. आणि त्यांचेच वडील बंधू बर्ट सदरलंड यांनी १९६६ साली आपल्या प्रबंधात, अशा आकृतीच आज्ञावली म्हणून चालविता येतात, हे दाखविले.

तथापि ही रीत प्रयोगशाळांतून आणि कारखान्यांतून खऱ्या अर्थाने रुळली ती १९८६ नंतर. त्या वर्षी टेक्सासमधील ऑस्टिन येथील नॅशनल इन्स्ट्रुमेंट्स या कंपनीने मॅकिंटॉश संगणकासाठी ‘लॅबव्ह्यू’ ही प्रणाली बाजारात आणली. तिचे जनकत्व जेफ कोडोस्की यांच्याकडे जाते. मापन-उपकरणे हाताळणाऱ्या माणसाला तारा, बटणे आणि तबकड्या यांची सवय असते. तेव्हा त्याला आज्ञावलीही तशाच रूपात द्यावी, असा त्यामागचा विचार. लॅबव्ह्यूत प्रत्येक आज्ञावलीला दोन खिडक्या असतात. एकीत उपकरणाचा दर्शनी भाग, म्हणजे बटणे, आकडे, आलेख. दुसरीत त्याच्या पोटातले ठोकळ्यांचे चित्र. निरनिराळ्या जातीच्या माहितीला निरनिराळ्या रंगाची तार असते. पूर्णांकांची निळी, अपूर्णांकांची नारिंगी, होय-नाहीची हिरवी, अक्षरांची गुलाबी. एखाद्या ठोकळ्याला लागणारी सर्व माहिती त्याच्या तारांतून येऊन पोचली, की तो आपले काम करतो. कोणी त्याला क्रमांक देऊन उभे करावे लागत नाही. चित्र डावीकडून उजवीकडे वाचावयाचे, कारण ठोकळ्यात माहिती डावीकडून शिरते आणि उत्तर उजवीकडून बाहेर पडते.

चार-दहा ठोकळ्यांचे असे चित्र पाहून कोणालाही मोह पडावा. मी स्वतः उपकरणशास्त्राचा शिक्षक होतो, आणि पहिल्या तासाला विद्यार्थ्यांचे चेहरे कसे उजळत ते मला आठवते. कष्ट सुरू होत ते तिसऱ्या आठवड्यात, म्हणजे तयार चित्रात काहीतरी मध्येच घालण्याची वेळ आली की!

लिहिलेल्या मजकुरात भर घालणे सोपे असते, आणि का सोपे असते हे ध्यानात घेण्यासारखे आहे. जुन्या छापखान्यातला खिळे जुळविणारा कारागीर परिच्छेदात एक शब्द वाढला की पुढचे खिळे ओळीओळीने सरकवीत परिच्छेदाच्या अखेरीपर्यंत जाई. काम किचकट खरे, पण त्याला कधी प्रश्न पडत नसे की सरकवायचे कुठे. मजकुराला दिशा एकच असते. पुढचे अक्षर पुढे सरकते, ओळ भरली की खालच्या ओळीवर उतरते. संगणकाने तर तेवढाही त्रास वाचविला आहे. चित्राचे तसे नाही. चित्रात दोन दिशा असतात. दोन ठोकळ्यांच्या मध्ये तिसरा बसवावयाचा, तर उजवीकडचा आणखी उजवीकडे सरकवावा की खाली? तो सरकवला तर त्याला लागलेल्या तारा वाकतात. त्या सरळ कराव्यात तर त्यांच्या मार्गात चौथाच ठोकळा उभा. त्यालाही हलवावे, तर तो ज्या चौकटीत बसला आहे ती चौकट मोठी करावी लागते, आणि चौकट फुगली की शेजारच्या चौकटीवर चढते. पाच मिनिटांपूर्वी आपल्याला फक्त एक बेरीज घालावयाची होती!

ही केवळ नवशिक्यांची कुरकुर आहे असे कोणी समजू नये. १९९६ साली टी. आर. जी. ग्रीन आणि मेरियन पेट्र या दोन इंग्लंडमधील संशोधकांनी एक सुंदर निबंध प्रसिद्ध केला. तीत त्यांनी एकच आज्ञावली तीन प्रकारे तयार केलेली घेतली. बेसिक या लिहावयाच्या भाषेत, आणि प्रोग्राफ व लॅबव्ह्यू या दोन चित्रमय भाषांत. मग तिघींत सारखाच बदल करावयास किती वेळ लागतो हे मोजले. बेसिकमध्ये सुमारे एक मिनिट लागले, प्रोग्राफमध्ये तीन मिनिटांहून थोडे अधिक, आणि त्या वेळच्या लॅबव्ह्यूत आठ मिनिटांहून अधिक. बदल करण्यास होणाऱ्या या विरोधाला त्यांनी घट्टपणाची उपमा दिली आहे. पाण्यात बोट फिरवणे आणि काकवीत बोट फिरवणे यांत जो फरक, तोच येथे. त्यांचे दुसरे निरीक्षण मला याहूनही मोलाचे वाटते. चित्र काढणाऱ्याला पहिला ठोकळा ठेवतानाच पुढे किती जागा लागणार याचा अंदाज बांधावा लागतो. म्हणजे ज्या गोष्टीचा निर्णय शेवटी व्हावा तो आरंभीच घ्यावा लागतो. वंशावळीच्या लेखकाचे तरी दुसरे काय झाले होते? तिसऱ्या पिढीत किती मुले होणार हे त्याला पहिल्या पिढीच्या वेळी ठाऊक असावयास हवे होते.

यावरून आणखी एक जुनी शंका पुढे येते. पडद्यावर एका वेळी पन्नासाहून अधिक चिन्हे मावत नाहीत, मग या चित्रांतून मोठी कामे व्हावीत कशी, अशी टीका पीटर डॉइच या संगणकतज्ज्ञाच्या नावावर रूढ आहे. फ्रेडरिक ब्रुक्स यांनीही १९८६ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात चित्रमय आज्ञालेखनाविषयी अविश्वास दाखविला होता. त्यांच्या आक्षेपांपैकी दोन येथे लक्षात घेण्यासारखे आहेत. पडदा फार लहान आहे हा एक. आणि घराच्या नकाशाला जसा प्रत्यक्ष जमिनीचा आधार असतो तसा आज्ञावलीला स्वाभाविक असा कोणताच आकार नाही, हा दुसरा. पडदे आता मोठे आणि बारीक रेघांचे झाले आहेत, त्यामुळे पहिला आक्षेप पुष्कळ सौम्य झाला. दुसरा मात्र अजून तसाच उभा आहे. भिंत कुठे असावी हे नकाशात जमीन सांगते. बेरजेचा ठोकळा कुठे असावा हे सांगणारे कोणी नाही. ते माणसाने ठरवावयाचे असते.

मग जागा करावयाची कशी? लॅबव्ह्यूत याला जी युक्ती आहे ती मला आपल्या पंगतीची आठवण करून देते. पंगत बसलेली आहे, पाने वाढलेली आहेत, आणि आयत्या वेळी एक पाहुणा येतो. अशा वेळी यजमान एकेकाला उठवून दुसरीकडे बसवीत नाही. ‘जरा सरकून घ्या’ एवढेच म्हणतो, आणि त्या जागेपासून पुढची सारी ओळ आपापला क्रम न मोडता हातभर सरकते. कळफलकावरील कंट्रोल ही कळ दाबून धरावी आणि चित्रातील मोकळ्या जागी माऊस ओढीत न्यावा. तुटक रेषांचा एक आयत दिसू लागतो. हात सोडला की तेवढ्या आयताची जागा चित्रात मोकळी होते आणि त्या बाजूचे ठोकळे, चौकटी, तारा सर्व मिळून सरकतात. चौकटीच्या आत असे केले तर चौकट स्वतःच तेवढी वाढते. नंतरच्या आवृत्त्यांत याच्या उलट, म्हणजे फाजील झालेली जागा आवळून घेण्याचीही सोय झाली. ज्यांनी वर्षानुवर्षे एकेक ठोकळा बाणाच्या कळीने रेटला आहे, त्यांना ही युक्ती प्रथम कळते तेव्हा होणारा आनंद पाहण्यासारखा असतो. आणि अनेकांना ती फार उशिरा कळते, कारण ती कोणत्याही यादीत ठळकपणे दिसत नाही. शेजारच्याने दाखवावी लागते.

परंतु पंगतीचा न्याय नेहमी पुरत नाही. भिंत आली की ओळ सरकावयाची थांबते. येथे भिंत म्हणजे पडद्याची कडा. चित्र पडद्याबाहेर गेले की वाचणाऱ्याला ते तुकड्यातुकड्यांनी पाहावे लागते, आणि मघाच्या तारेचे टोक कुठून आले होते हे तो विसरतो. म्हणून अनुभवी मंडळींचा दंडक असा की चित्र शक्यतो एका पडद्यात मावावे, आणि मावतच नसेल तर ते एकाच दिशेला वाढू द्यावे. उजवीकडे किंवा खाली, दोन्हीकडे नव्हे. एका दिशेने सरकणारा वाचक पोथी वाचणाऱ्यासारखा असतो. दोन दिशांना भटकणाऱ्याची गत जत्रेत चुकलेल्या मुलासारखी होते.

काही जण यावर एक सोपा वाटणारा उपाय करतात. लॅबव्ह्यूत अशा चौकटी आहेत की ज्यांत अनेक पाने एकावर एक रचलेली असतात आणि एका वेळी वरचे एकच दिसते. ‘तपमान जास्त असेल तर हे करा, नसेल तर ते करा’ अशा ठिकाणी त्या आवश्यकच असतात. परंतु केवळ जागा वाचविण्यासाठी एकामागून एक करावयाची कामे अशा पानांत कोंबली, तर चित्र सुटसुटीत दिसते आणि अर्थ पाठीमागे दडतो. पाहुणे येणार म्हणून पसारा पलंगाखाली ढकलण्यातलाच हा प्रकार!

खरा उपाय हा की, चित्रातील ज्या ठोकळ्यांचा मिळून एक अर्थ होतो त्यांची गाठोडी बांधून एकच ठोकळा करावा. याला उपआज्ञावली म्हणावे. निवडलेल्या भागाची अशी उपआज्ञावली करून देण्याची सोय प्रणालीतच आहे; आपण तिला नाव द्यावयाचे आणि तिच्यासाठी एक लहानसे चिन्ह काढावयाचे. येथे एका बारीक गोष्टीकडे लक्ष वेधावेसे वाटते. या चिन्हाला तारा कुठे लागाव्यात याचे अनेक नमुने उपलब्ध आहेत, पण जाणकार बहुतेक सर्व ठिकाणी बारा जोडांचा एकच नमुना वापरतात. डावीकडे चार, वर दोन, खाली दोन, उजवीकडे चार. त्यामुळे शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन चिन्हांचे जोड समोरासमोर येतात आणि तार सरळ जाते. शिवाय चुकीची वार्ता वाहणारी तार नेहमी खालच्या डाव्या कोपऱ्यातून आत आणि खालच्या उजव्या कोपऱ्यातून बाहेर काढावयाची, असा प्रघात आहे. चित्रात ती एखाद्या नदीसारखी तळाशी सलग वाहताना दिसते, आणि ती कुठे तुटली तर ते दुरूनही दिसते. एका तारेने दोन वळणे घेणे आणि एकही वळण न घेणे यांत जागेचा फरक बोटभर असतो, पण वाचणाऱ्याच्या श्रमात पुष्कळ.

आपण विचाराल की एवढा खटाटोप माणसाने कशासाठी करावा? ठोकळे आणि तारा संगणकाला ठाऊक आहेतच. त्यानेच ते नीटनेटके का मांडून देऊ नयेत? तसे प्रयत्न पुष्कळ झाले आहेत, आणि त्यांत जपानी संशोधकांचा वाटा मोठा आहे. कोझो सुगियामा आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी १९८१ साली अशा आकृती मांडण्याची जी रीत सांगितली, तीच आजही बहुतेक ठिकाणी पायाभूत आहे. प्रथम प्रत्येक ठोकळ्याला स्तंभ ठरवून द्यावयाचा, म्हणजे ज्याची माहिती आधी लागते तो आधीच्या स्तंभात. मग स्तंभातल्या स्तंभात ठोकळे वरखाली करून तारांच्या काटाकाटी कमी करावयाच्या. त्यासाठी प्रत्येक ठोकळा आपल्या सोयऱ्यांच्या सरासरी उंचीवर नेऊन बसविण्याचा एक साधा नियम आहे. शेवटी अंतरे ठरवून तारा ओढावयाच्या. ‘सरासरी’ आणि ‘साधा नियम’ हे शब्द मी मुद्दाम वापरतो, कारण सर्वांत कमी काटाकाटीची मांडणी हमखास आणि झटपट शोधून देणारी रीत कोणालाच ठाऊक नाही. हा प्रश्न त्या कुप्रसिद्ध कठीण प्रश्नांच्या जातीचा आहे, असे गॅरी आणि जॉन्सन यांनी १९८३ साली सिद्ध केले. तेव्हा यंत्र जे देते ते बरे असते, सर्वोत्तम असल्याची ग्वाही नसते.

लॅबव्ह्यूतही २००८ सालच्या आवृत्तीत ‘चित्र आवरा’ अशी एक आज्ञा आली. एक कळ दाबली की सारे ठोकळे पटापट जागा बदलतात आणि तारा सरळ होतात. दुसऱ्याने टाकून दिलेला शेवयांसारखा गुंता प्रथम उलगडून पाहण्यासाठी ती फार उपयोगी पडते, यात शंका नाही. पण स्वतः विचारपूर्वक मांडलेल्या चित्रावर ती चालवली की मन खट्टू होते. का, ते पाहू. मांडणीत केवळ नीटनेटकेपणा नसतो. त्यात अर्थ असतो. दोन भट्ट्यांची कामे करणारे ठोकळे मी एकाखाली एक, एकाच ओळंब्यात ठेवतो, तेव्हा ‘ही जुळी आहेत’ असे मी वाचणाऱ्याला न लिहिता सांगत असतो. दोन गटांमध्ये चार बोटे रिकामी सोडतो, तेव्हा तो माझा परिच्छेद असतो. संगणकाच्या दृष्टीने या मोकळ्या जागेला काहीच अर्थ नाही, म्हणून तो ती पुसून टाकतो. ग्रीन आणि पेट्र यांनी याला दुय्यम लेखन असे नाव दिले आहे. मला ‘दुय्यम’ हा शब्द फारसा पटत नाही. गाणाऱ्याच्या विरामाला कोणी दुय्यम म्हणेल काय?

दुसरे नुकसान स्मरणाचे होते. ज्या चित्राशी आपण महिनाभर झुंजलो त्याचा एक नकाशा आपल्या मनात तयार झालेला असतो. अमुक तुलना वरच्या उजव्या कोपऱ्यात, तमुक आलेख खाली. घरातल्या बाईला अंधारातही हळदीचा डबा सापडतो तो याच बळावर. यंत्राने सगळे एकदम हलविले की हा नकाशा फुकट जातो. याही प्रश्नाचा अभ्यास झालेला आहे. मिसुए, ईड्स, लाय आणि सुगियामा यांनी १९९५ साली असे मांडले की, चित्रात जागा करताना अंतरे बदलली तरी चालतील, पण जो ठोकळा दुसऱ्याच्या डावीकडे होता तो डावीकडेच आणि वर होता तो वरच राहिला पाहिजे. तेवढे जपले तर माणसाला आपले चित्र ओळखू येते. थोडक्यात, पंगतीचाच न्याय त्यांनी गणितात बसविला! म्हणूनच, आवरून देणाऱ्या आज्ञेपेक्षा सरकवून देणारी आज्ञा मला अधिक शहाणी वाटते.

आता एक अनुभव सांगतो, म्हणजे हे सारे केवळ टापटिपीचे वेड नव्हे हे ध्यानात येईल. काही वर्षांपूर्वी बेळगाव भागातील एका फौंड्रीतून माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा निरोप आला. ‘सर, एकदा येऊन जा.’ तेथे ओतकामाचे तुकडे तापवून मुरविण्याची एक भट्टी होती आणि तिचे तपमान अशाच एका ठोकळ्यातारांच्या आज्ञावलीने सांभाळले जाई. मर्यादेबाहेर तपमान गेले की भट्टी आपोआप बंद व्हावी अशी व्यवस्था होती. पुढे खबरदारी म्हणून भट्टीत दुसरे थर्मोकपल बसविले, आणि त्याच्यासाठी चित्रात तुलनेचा आणखी एक ठोकळा घालण्यात आला. एका रात्री पहिले थर्मोकपल आपल्या जागेवरून निसटले आणि कमी तपमान दाखवू लागले. दुसरे बरोबर दाखवीत होते, पण भट्टी बंद झाली नाही. त्या खेपेचा सारा माल वाया गेला. इजा कोणाला झाली नाही, एवढे सुदैव.

सकाळी चौकशी झाली. आज्ञावलीचे चित्र कागदावर छापून आणले गेले, आणि त्यात दुसऱ्या ठोकळ्यातून निघालेली हिरवी तार थेट भट्टी बंद करणाऱ्या जोडाकडे गेलेली सर्वांना दिसली. यंत्रणा बरोबर आहे, मग उरला माणूस! रात्रपाळीच्या माणसाने स्वयंचलित व्यवस्था बंद करून ठेवली असली पाहिजे, असा निष्कर्ष निघाला. तो गृहस्थ बावीस वर्षे त्या भट्टीवर होता. ‘मी हात लावलेला नाही’ यापलीकडे त्याच्याजवळ सांगण्यासारखे काही नव्हते, आणि चित्र तर त्याच्या विरुद्ध साक्ष देत होते.

मी पडद्यावर ते चित्र उघडले. खूप दाटीचे होते. नवा ठोकळा घालणाऱ्याला कुठेच मोकळी जागा मिळालेली नव्हती, हे पाहताच कळत होते. मी त्या हिरव्या तारेवर लागोपाठ तीनदा टिचकी मारली. अशाने सबंध तार, तिच्या दोन्ही टोकांसह, चाळवल्यासारखी लुकलुकू लागते. ती लुकलुकली ती दुसऱ्या ठोकळ्यापासून नव्हे. ती निघत होती पहिल्याच ठोकळ्यापासून. दुसऱ्याच्या खालून जात होती आणि पलीकडे बाहेर पडत होती. नवा ठोकळा जुन्या तारेवर ठेवला गेला होता, एवढेच. त्याचे उत्तर कोठेही जोडलेलेच नव्हते. ज्या ठोकळ्याला माहिती मिळत नाही त्याच्याविषयी प्रणाली तक्रार करते, पण ज्याचे उत्तर कोणी घेत नाही त्याच्याविषयी ती गप्प राहते. कारण उत्तर टाकून देणे हा गुन्हा नव्हे. ठोकळा बसविणारा तरुण तोवर नोकरी सोडून दुसऱ्या गावी गेलेला होता. घाईत त्याने ठोकळा ठेवला, तार जोडलेली दिसली, आणि त्याचाही तसाच समज झाला असणार. त्याला दोष द्यावा असे मला वाटले नाही.

व्यवस्थापकांना मी तारेवर टिचकी मारावयास सांगितली. त्यांनी ती मारली, मग आणखी एकदा मारली, आणि काही न बोलता रात्रपाळीच्या त्या गृहस्थाला बोलावणे पाठविले. आत काय बोलणे झाले मला ठाऊक नाही; बाहेर आल्यावर त्याने मला नमस्कार केला आणि डोळे पुसले.

दुपारभर आम्ही ते चित्र पुन्हा मांडले. आधी कंट्रोलची कळ धरून दोन्ही तुलनांच्या मध्ये हातभर जागा केली, तेव्हा खालून जाणारी तार आपोआप उघडी पडली. मग दोन्ही थर्मोकपलांची कामे एकाखाली एक आणली, त्यांची उत्तरे ‘यांपैकी कोणतेही’ असा अर्थ असलेल्या ठोकळ्यात जोडली, आणि नोंदी ठेवण्याचा भाग उपआज्ञावलीत बांधून टाकला. साडेतीन पडदे भरणारे चित्र एका पडद्यात आले. ते कागदावर छापून भट्टीजवळच्या भिंतीवर लावले आहे. रात्रपाळीवर येणारा माणूस आता बोटाने तार धरून डावीकडून उजवीकडे जातो आणि मग नोंदवहीत सही करतो.